आत्याला सोडवून आणायला

माझ्या आत्याचं लग्न झालं तेव्हा मी जेमतेम वर्षाचा होतो. तिचे यजमान जव्हार संस्थानच्या दरबारात कारकून होते. लग्न पुण्यात लागलं, नवी नवरी बैलगाडीत बसून डोंगरात गेली, आणि त्यानंतर वीस वर्षांत आमच्या घरातलं एकही माणूस तिला भेटायला गेलं नाही. कुणी कारण विचारलं की काका म्हणत, "तो मुलूख सुरक्षित नाही." विषय तिथंच संपे.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे आणि आत्याचे थोरले भाऊ. वडील गेल्यावर मी त्यांच्याच घरी वाढलो. मामलेदार कचेरीतल्या दप्तरखान्यात त्यांची सारी नोकरी झाली. स्वतः ते जेजुरीच्या पलीकडे कधी गेले नव्हते, पण कोणत्याही मुलखाबद्दल त्यांचं मत तयार असे. कचेरीतल्या भिंतीवरच्या नकाशात इंग्रजी मुलूख तांबडा होता आणि त्यात गावांची नावं बारीक अक्षरांत दाटीनं भरलेली होती. जव्हारच्या जागी नुसता पिवळा डाग होता. मी लहानपणी एकदा विचारलं, "काका, इथं गावांची नावं का नाहीत?"

"लिहायला गेलेला माणूस परत आला नसेल," काका म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

पुढे एका पावसाळ्यात आत्याचे यजमान वारल्याचं पत्र आलं. तिला मूलबाळ उरलेलं नव्हतं. तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि एका शाळेत गणित शिकवत होतो. काकांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि जाहीर केलं की एकट्या बाईला त्या जंगलात ठेवणं पाप आहे; तिला सुरक्षित जागी, म्हणजे पुण्याला, आणलंच पाहिजे. प्रत्यक्षात निघायला आम्हाला मार्गशीर्ष उजाडला, कारण मध्यंतरी पुण्यात प्लेग आला.

तो दर वर्षीच यायचा. घरात उंदीर पडला की लोक भांडीकुंडी घेऊन गावाबाहेरच्या माळावर झोपड्या बांधून राहत. आम्हीही राहत होतो. गावातली शाळा बंद होती, न्हावी पळाला होता, वाण्यानं दुकानाला कुलूप लावलं होतं. संध्याकाळ झाली की गळ्यात कापराच्या पुरचुंड्या बांधलेली मंडळी आमच्या झोपडीपुढं जमत आणि जव्हारला जाणं किती धोक्याचं आहे हे काकांना समजावून सांगत.

"तिथल्या बाया मंतरून माणसाचा बोकड करतात," शेजारच्या झोपडीतले पेन्शनर मास्तर म्हणाले. "माझ्या साडूच्या ओळखीतला एक तलाठी तसाच गेला."

"बोकड झाला?" मी विचारलं.

"परत आला नाही. मग काय झाला असेल, तूच सांग."

वैद्यबुवांनी पाण्याचं सांगितलं. तिथलं पाणी प्यायलं की पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढते आणि माणूस वाळत जातो, म्हणून पाणी सातदा गाळून, त्यात तापवलेलं लोखंड बुडवून मगच प्यावं. ते हे फार कळकळीनं सांगत होते. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी काखेत गाठ येऊन वैद्यबुवा स्वतःच गेले. त्यांना पोहोचवून परत येताना वाटेत चार जणांनी काकांचा हात धरून सांगितलं, "जव्हारला जिवाला जपा बरं का."

काकांनी तयारी जोरदार केली होती. हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्यांची बाटली, पाणी गाळायला दोन उपरणी, टोकाला लोखंडी अणी बसवलेली काठी, आणि वाघाला पिटाळायला एक पितळी घंटा. घंटा देवळातली होती. पुजारीही पळून गेला होता, त्यामुळे न्यायला कुणाची परवानगी लागली नाही.

आगगाडीनं नाशिक गाठलं. तिथून पुढं बैलगाडी. गाडीवान मोखाड्याकडचा, पोशेऱ्याचा होता. नाशिकला कुणाचे तरी तांदूळ पोहोचवून तो रिकामा परत निघाला होता. चाळिशीचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. काकांनी त्याला गाडीत बसण्याआधी बरंच काही विचारलं. शेवटी विचारलं, "वाघ आहे का रे वाटेत?"

"हाय ना," तो म्हणाला.

"मग तू जातोस कसा?"

"त्येला त्येची वाट, आमाला आमची."

काकांना हे उत्तर बेजबाबदार वाटलं. त्र्यंबकच्या पुढं डोंगर सुरू झाले तसे ते गाडीत घंटा मांडीवर घेऊन बसले. एका वळणावर झाडाखाली लाकडाची फळी रोवलेली होती. तिच्यावर वाघ कोरलेला आणि वर शेंदूर. गाडीवानानं बैल थांबवले, खाली उतरून हात जोडले. काकांनी विचारलं हा कोण. तो म्हणाला, "वाघदेव." काका कर्मठ माणूस, अनोळखी देवापुढं सहसा वाकत नसत, पण इथं मात्र ते उतरले, जोडे काढले आणि साष्टांग नमस्कार घातला. उठताना मला म्हणाले, "शास्त्रात याला आधार आहे." कुठल्या शास्त्रात ते सांगितलं नाही.

मोखाडा इंग्रजी अंमलात होतं, त्यामुळे तिथपर्यंत काकांची छाती शाबूत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी संस्थानची हद्द आली. रस्त्यावर आडवा बांबू, बाजूला कुडाची चौकी, आणि चौकीपुढं कमरेला पट्टा बांधलेला संस्थानचा शिपाई. काकांनी गाडीतूनच मला हळू सांगितलं, "इथं इंग्रजी कायदा संपला. आता तोंड सांभाळून."

शिपाई पुढं आला. मोठ्या अदबीनं त्यानं विचारलं, "कुठून आलात?"

"पुण्याहून," काका म्हणाले.

शिपाई तीन पावलं मागं सरकला. मग आणखी दोन. उपरण्याचं टोक नाकाला लावून तो तिथूनच ओरडला, "खाली उतरू नका! कशाला हात लावू नका! बैल सोडा आणि त्या वरच्या खोपीत जा. दहा दिवस."

"दहा दिवस काय?"

"पुण्याचं माणूस दहा दिवस बाहेर राहील. हुकूम आहे."

काकांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. वाघ, बोकड, ताप, सगळ्याची त्यांनी कल्पना केली होती. जव्हारला आपलीच भीती वाटत असेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मी सरकारी पेन्शनर आहे!" ते म्हणाले.

"प्लेगाला पेन्शन चालत नाही, साहेब," शिपाई लांबून म्हणाला. तोही थट्टा करत नव्हता.

सर्वांत वाईट झालं ते गाडीवानाचं. तो तीन दिवस आमच्याबरोबर बसला होता, म्हणून त्यालाही दहा दिवस; मागं घरी वळायचीही मुभा नव्हती. त्यानं बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं, त्यांना बांधलं, मग आमच्याकडं वळून म्हणाला, "माझी नागली खळ्यावर पडलीय. बायको एकली हाय." नाचणीला तिकडं नागली म्हणतात. एवढंच बोलला. मला इतकी लाज वाटली की मी पाण्याची कळशी उचलून ओढ्याकडं गेलो. काकांना लाज वाटली नाही. त्यांनी त्याला सांगितलं की बाबा रे, आम्हीही तुझ्यामुळंच अडकलो. तू दुसऱ्या वाटेनं गाडी घातली असतीस तर नाका लागलाच नसता.

खोप कारवीच्या कुडाची होती, शेणानं सारवलेली, वर गवत. पुण्याच्या माळावरच्या आमच्या झोपडीपेक्षा तिच्यात वारा कमी शिरत होता. हे मी बोलून दाखवलं तर काकांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. गाडीवान पलीकडं झाडाखाली, आपल्या गाडीच्या आडोशाला राहू लागला. आमच्यापासून तो चांगली दहा पावलं अंतर ठेवून असे. तीन दिवस शेजारी बसून आलेला माणूस आता लांब का, असं काकांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तवा माहीत नवतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी कुठंतरी पाला खसखसला. काकांनी घंटा काढली आणि बडवायला सुरुवात केली. थांबेनात. अर्ध्या तासानं खरोखरच झाडीतून काहीतरी यायला लागलं: एक गाय, मग दोन, मग वासरं, मग म्हशी. जवळच्या पाड्याची सगळी गुरं त्या डोंगरावर चरत होती. त्यांच्या पुढच्या गाईच्या गळ्यात घंटा असे. हा आवाज तिचाच समजून ती आमच्याकडं वळली. घटकाभरात खोपीभोवती तीस-चाळीस जनावरं उभी होती आणि काका मध्यभागी काठी घेऊन. शिपाई लांबून हात जोडत म्हणाला, "महाराज, घंटा बंद करा. गुराखी रडकुंडीला आलाय."

त्यानंतर घंटा गाठोड्यात गेली.

आम्ही बरोबर चार दिवसांचं धान्य आणलं होतं. पुरवून पुरवून खाल्लं, तरी नाक्यावरच्या सहाव्या दिवशी सकाळी तांदूळ संपले. काका पहाटेपासून जपाला बसले होते, दहाच्या सुमाराला त्यांनी डोळे उघडून मला विचारलं, "काही आहे का रे?" मी म्हणालो, मेतकूट आहे. नुसतं मेतकूट.

गाडीवानाचं बरं चाललं होतं. त्याची बायको दिवसाआड ओढ्यापलीकडं येई. डोक्यावरची टोपली उतरवी, मधल्या एका सपाट दगडावर भाकरी नि पीठ ठेवी आणि परत मागं जाई. ती लांब गेली की हा पुढं होऊन उचली. दोघं ओढ्याच्या दोन काठांवरून मोठ्यानं बोलत. त्यांच्या घरच्या बोलीतलं मला निम्मं कळे. नागली झोडून झाली का, एक शेळी आजारी आहे का, असलं काही. त्या दिवशी तिनं आमच्या खोपीकडं बोट करून काही विचारलं आणि यानं मान हलवली. मग ती पुन्हा दगडापाशी आली आणि पानात बांधलेलं आणखी एक पुडकं ठेवून गेली.

गाडीवान मला म्हणाला, "तुमच्यासाठी पीठ ठेवलंय. म्या आत नाय आणत. तुमी या, उचला, मग मी पुढचं बोलन."

मी काकांकडं पाहिलं. आमच्या घरी त्याच्यासारख्या माणसाला पाणी द्यायचं तर वरून, हातभर उंचीवरून ओतत. घरात ही रीत काकांनीच सांभाळली होती. आता तो माणूस, आमची सावली पडू नये म्हणून मागं सरकून, आम्हाला अन्न दगडावरून उचलून घ्यायला सांगत होता. काका बराच वेळ त्या दगडाकडं बघत राहिले.

"पीठ कोरडं आहे ना?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"कोरड्याला दोष नाही," ते म्हणाले. "आण."

नाचणीची भाकरी मी कधी केली नव्हती. काकांनी तर चुलीपुढं कधी फुंकणीही धरली नव्हती. माझी पहिली भाकरी हातातच फाटली, दुसरी तव्यावर. गाडीवान आपल्या दहा पावलांवर उकिडवा बसून सांगत होता: "पानी कडत घ्या. उकड काढा पैली. आता मळा. जोरानं. घाबरता कशापायी, ती काय चावनार हाय?" चौथी भाकरी साधली. काकांनी ती मेतकुटाबरोबर खाल्ली, दुसरी मागितली, तिसरी खाताना म्हणाले की पचायला जड आहे. मग चौथी घेतली.

दहाव्या दिवशी संस्थानचे डॉक्टर घोड्यावरून आले. त्यांनी आमच्या काखा पाहिल्या, जांघा पाहिल्या. काकांनी त्या वेळी डोळे घट्ट मिटून रामरक्षा म्हटली. बांबू वर झाला. जव्हारला उतरवून निरोप घेताना गाडीवानानं माझ्या हातात उरलेलं पीठ दिलं, या वेळी हातातच. त्याच्या बायकोला मी काय पाठवू असं विचारलं तर तो म्हणाला, "काय नको. येताना दुसरी गाडी बघा."

आत्याचं घर जव्हार गावात, एका चढाच्या रस्त्यावर होतं. ओसरीवर दहा-बारा मुली पाटीवर लिहीत बसल्या होत्या. मधोमध एक पस्तिशीची बाई उभी होती, पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर केस. विधवेच्या डोक्यावर केस! काका उंबऱ्याबाहेरच थबकले.

"आलात?" आत्या म्हणाली. "थांबा तिथंच, आत येऊ नका. मागच्या अंगणात गरम पाणी ठेवलंय. अंगावरचे कपडे त्या हंड्यात टाका, उकळायला. गाठोडं उन्हात उघडून ठेवा."

वीस वर्षांनी भेटलेल्या बहिणीचे हे पहिले शब्द. काका म्हणाले, "अगं, दहा दिवस त्या नाक्यावर आम्हाला कोंडून ठेवलं होतं. हा काय अंमल म्हणायचा? मी तक्रार करणार आहे."

"कुणाकडं?"

"नाक्यावर कोण मुख्य आहे त्याच्याकडं."

"त्यांना मीच कळवलं होतं," आत्या म्हणाली. "तुझं पत्र आलं तसं जाऊन सांगून आले, माझा भाऊ येतोय, पुण्याचा आहे, चांगला शब्द टाकेल, विनवण्या करेल, पण दहाच्या आत सोडू नका. या गल्लीत पोरं आहेत दादा."

आंघोळी झाल्या, जेवणं झाली. मुली घरी गेल्या. मग काकांनी घसा साफ केला आणि मुद्द्याला हात घातला. एकट्या स्त्रीनं अशा रानटी मुलखात राहणं बरं नाही, आप्तांचं कर्तव्य असतं, वगैरे. शेवटी म्हणाले, "तुला सुरक्षित जागी न्यायला आलोय."

"कुठं?"

"पुण्याला."

आत्या हसायला लागली. पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. "यंदा आळीत किती गेले रे?"

"फार नाहीत," काका म्हणाले. "आपल्या बाजूचे चारच."

"वैद्यबुवा बरे आहेत?"

काका चष्मा काढून पुसू लागले. आत्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "गेले."

तिनं पदरानं पुन्हा डोळे पुसले. वैद्यबुवांनी तिला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. नंतर तिनं एकदम मला विचारलं, "घरची स्वयंपाकीण आहे का रे अजून?"

ही गोष्ट मीही इतका वेळ सांगितलेली नाही. सांगायला संकोच वाटतो. काकू वारून सहा वर्षं झाली होती. स्वयंपाकाला एक बाई होत्या, त्या भाद्रपदातच प्लेगला भिऊन कोकणात भावाकडं निघून गेल्या. तेव्हापासून माळावरच्या झोपडीत मी भात शिजवत होतो आणि काका तो नावं ठेवत जेवत होते. आत्याला आणायचं पाप-पुण्य आधीपासून बोललं जात होतंच, पण ते निकडीचं झालं ते स्वयंपाकीण गेल्यानंतर. मी आढ्याकडं बघू लागलो.

"कळलं," आत्या म्हणाली. "दादा, चार दिवस राहा, विसावा घे. मी येणार नाही."

काकांनी तीन दिवस तिच्याशी अबोला धरला. तिला त्याचा पत्ता लागला की नाही कोण जाणे. तिच्याकडं सकाळी मुली येत, दुपारी राजवाड्याकडून कुणी पत्र लिहून घ्यायला येई, संध्याकाळी आजूबाजूच्या बायका येत. अबोला धरलेला माणूस कोपऱ्यात बसलाय हे लक्षात यायलाही कुणाला सवड नव्हती. चौथ्या दिवशी ती आम्हाला शिरपामाळावर घेऊन गेली. मोकळा माळ, खाली दऱ्या, आणि वारा. थोरल्या महाराजांनी सुरतेच्या वाटेवर इथं मुक्काम केला होता, असं तिनं सांगितलं.

"त्यांना नाही भीती वाटली?" मी विचारलं.

अबोला मोडून काका म्हणाले, "त्यांच्याबरोबर फौज होती."

"तुझ्याबरोबर घंटा होती ना," आत्या म्हणाली. नाक्यावरची गोष्ट गावभर झाली होती.

उतरताना काकांना हुडहुडी भरली. घरी येईपर्यंत दात वाजायला लागले. हिवताप. तेव्हा मात्र मला कळलं की पुण्याचे लोक अगदीच खोटं बोलत नव्हते. त्या डोंगरात ताप होता आणि तो माणसं नेत होता. आत्याच्या यजमानांना त्यानंच नेलं होतं. काकांकडं कोयनेलची अख्खी बाटली होती. त्यातली एकही गोळी त्यांनी घेतलेली नव्हती, कारण ती कडू लागते.

"तोंड उघड," आत्या म्हणे.

"नंतर घेतो."

"दादा, तोंड उघड, नाहीतर मुलींना बोलावते धरायला."

दिवसाआड ताप चढे, तीन घोंगड्या घातल्या तरी काका थरथरत, मग घामानं अंथरूण भिजे. आत्यानं पंधरा दिवस त्यांचं केलं. शाळा ओसरीवर चालूच होती. काका आत पडल्या पडल्या बे एके बे ऐकत असत. ताप उतरू लागला त्या आठवड्यातली एक दुपार मला आठवते. मी त्यांच्या पायाशी बसलो होतो. आत्या नाचणीची आंबील भरवत होती. काका अशक्त आवाजात म्हणाले, "वीस वर्षांत मी आलो नाही. तुला राग आला असेल."

"आला ना," ती म्हणाली. "बाळ गेला तेव्हा फार आला. तीन वर्षांचा होता. मी पत्र टाकलं होतं, दादा एकदा येऊन जा. तुझं उत्तर महिन्यानं आलं. 'रस्ता सुरक्षित झाल्याचं कळताच निघतो.' मी ते इथल्या शेजारणीला वाचून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, रस्त्यावरून मात्र ती रोज डोक्यावर मोळी घेऊन यायची. ती म्हणाली, रस्त्याला काय झालंय?"

काकांनी तोंड भिंतीकडं वळवलं. आत्यानं वाटीतली आंबील ढवळली. मग म्हणाली, "आंबील गार होतेय," आणि त्यांनी पुन्हा तोंड इकडं केलं. त्या विषयावर दोघं पुन्हा कधी बोलले असतील असं मला वाटत नाही.

माघात काका चालते-फिरते झाले. हिंडू लागले तसे पूर्ववत झाले. मुलींच्या उच्चारांत त्यांनी चुका काढल्या, संस्थानच्या कारभाराबद्दल सूचना केल्या, आणि आत्याच्या केसांबद्दल एकदा बोलून पाहिलं. ती म्हणाली, "इथला न्हावी मला भितो." निघायच्या दिवशी ती नाक्यापर्यंत पोहोचवायला आली. गाडी दुसऱ्याची होती. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, केसांवरच, आणि गाडीत चढले. मी चढलो नाही.

"तू रे?" काकांनी विचारलं.

"पुण्यातली शाळा अजून उघडलेली नाही," मी म्हणालो. "उघडली की येतो."

ते आत्याला म्हणाले, "याला गोळ्या दे रोज. कडू आहेत म्हणून टाळेल."

पुण्यात परतल्यावर काकांनी जव्हारच्या प्रवासाची हकीकत सांगायला सुरुवात केली आणि ती मरेपर्यंत सांगितली. पहिल्या वर्षी तीत एक वाघ होता. पुढं दोन झाले. गुरांचा कळप वाघांचा झाला नाही एवढंच. दहा दिवसांच्या खोपीला ते 'संस्थानच्या पाहुण्यांचा बंगला' म्हणत. दर महिन्याला मात्र ते आत्याला पत्र लिहू लागले. पूर्वी वर्षाला एक जाई. पत्रात हवापाणी, भाजीचे भाव आणि कोण गेलं त्याची यादी असे. पुन्हा जव्हारला ते गेले नाहीत. नवी स्वयंपाकीण मिळाली होती.

मी राहिलो तो सहा वर्षं. आत्यानं गणित माझ्याकडं सोपवलं. तिला भागाकाराचा कंटाळा यायचा. पहिल्या दिवशी मी ओसरीवर उभा राहिलो आणि फळ्यावर खडूनं आकडे मांडले. मुली माझ्याकडं अशा बघत होत्या, जणू मी बोकडाचा माणूस होऊन आलो होतो. शेवटी पहिल्या रांगेतल्या एकीनं हात वर केला.

"गुरुजी, तुमी पुन्याचे?"

"हो."

"तिथं अजून मान्सं राहतात?"

मी म्हणालो, राहतात, पुष्कळ राहतात. तिनं शेजारणीकडं पाहिलं. शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं, आता पुढचं विचार म्हणून.

"आन त्येंना भ्या नाय वाटत?"

आतून आत्या म्हणाली, "गणित कर गं आधी." मी वळून पंचवीसला चारनं भागायला घेतलं, आणि माझीच बाकी चुकली.